मोटारीच्या मागच्या कांचेची गळकी नळी

सन २०२४ च्या जुलै महिन्यांत आम्ही चौघे शिक्षक रत्नागिरीहून कोल्हापुरास मोटारीनें परत येत होतों. पाऊस नुकताच उघडला होता व रस्त्यावरील तांबडा चिखल चाकांबरोबर उडत होता. साखरप्याच्या अलीकडे एका उतारावर चहासाठीं थांबलों. पुनः निघतांना गाडी थोडी मागें घेणें भाग होतें; पण मागची कांच चिखलानें अगदीं लिंपून गेली होती. ती धुण्यासाठीं स्टिअरिंगजवळची दांडी ढकलली. पंपाचा आवाज झाला, वायपर चिखलावरून खरखरत फिरला. परंतु कांचेवर पाण्याचा थेंबही पडला नाहीं. पडला तो मागें बसलेल्या आमच्या एका सहकाऱ्याच्या मानेवर! आम्ही हंसलों, आणि हंसतां हंसतांच गाडी मागें घेऊं लागलों. इतक्यांत चहावाल्यानें मोठ्यानें हांक मारली. थांबून उतरून पाहतों तों गाडीच्या मागें दोन हातांवर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक वृद्ध बाई उभी! बाजूच्या आरशांत ती येत नव्हती. भाऱ्यामुळें तिला आम्ही दिसलों नाहीं व चिखलामुळें आम्हांस ती दिसली नाहीं. आमचें हंसणें तेथेंच मावळलें.

घरीं आल्यावर कारागिराकडे गेलों, तर त्यास आठ दिवस सवड नव्हती. तेव्हां इयत्ता नववींतील दोन विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन आम्हीं स्वतःच हा दोष शोधण्याचें ठरविलें. त्या खटाटोपांत जें शिकलों, आणि जी चूक केली, ती विद्यार्थिमित्रांपुढें ठेवीत आहों.

प्रथम मागची कांच एवढी कां मळते, तें पाहूं. ज्या मोटारीची पाठ उभी कापल्यासारखी असते, ती वेगानें जात असतां तिच्या पाठीमागें हवेचा दाब कमी होतो. ती उणीव भरून काढण्यासाठीं आजूबाजूची हवा भोंवऱ्यासारखी फिरत आंत येते, व चाकांनीं उडविलेली धूळ आणि चिखल बरोबर आणून कांचेवर टाकते. म्हणूनच अशा गाड्यांना मागेंही वायपर व पाण्याची तोटी ठेवण्याची चाल आहे.

या तोटीला लागणारें पाणी येतें कोठून? पुष्कळ गाड्यांत पाण्याची टांकी पुढें बॉनेटखालीं असते. तिच्या बुडाशीं विजेवर चालणारा लहानसा पंप असतो. बऱ्याच गाड्यांत एकच पंप दोन्ही कामें करतो. तो एका दिशेनें फिरला म्हणजे पुढच्या कांचेस पाणी मिळतें, व उलट दिशेनें फिरला म्हणजे मागच्या कांचेस. मागचें पाणी एका बारीक नळींतून सबंध गाडीची लांबी ओलांडून, खांबांतून वर चढून, छताच्या आंतून डिकीच्या दारापर्यंत जातें. दार उघडतें व मिटतें त्या ठिकाणीं ही नळी विजेच्या तारांसह एका चुणीदार रबरी नळकांड्यांतून जाते. दिवसांतून कितीदां तरी दार उघडावें लागतें, व तितक्याच वेळां नळी त्या जागीं वांकते. सबब तेथेंच ती चिरते किंवा तेथला जोड सुटतो.

आतां शोधाची रीत पाहा. पुढच्या कांचेवर पाणी नीट उडत होतें. ज्या गाडींत एकच पंप दोहोंकडे पाणी देतो, तिच्यांत यावरून पंप व त्याचा फ्यूज हे बहुधा शाबूत आहेत असें अनुमान निघतें. टांकी भरलेली होती. तेव्हां दोष वाटेंत होता. आम्हीं एका विद्यार्थ्यास दांडी ढकलण्यास बसविलें, व एका वेळीं तीन-चार सेकंदांपेक्षां अधिक ढकलूं नकोस असें बजावलें. कारण हा लहान पंप फार वेळ चालविण्यासाठीं केलेला नसतो, व कोरडा चालविला तर जळण्याचा संभव असतो. दुसऱ्यानें नळीच्या वाटेवर जागोजाग कोरडा टिपकागद लावून पाहिला.

येथें एक गोष्ट ध्यानांत आली. पाणी सहकाऱ्याच्या मानेवर पडलें, म्हणून नळी तेथेंच फुटली असेल असा आमचा समज होता. तो खोटा ठरला. त्या दिवशीं गाडी उतारावर पुढें तोंड करून उभी होती; त्यामुळें मागें गळलेलें पाणी छताच्या आंतून पुढें ओघळून आलें होतें. आतां गाडी सपाट जागीं उभी करून पाहतां टिपकागद रबरी नळकांड्यापाशींच भिजला. नळकांडें छताच्या कडेपासून हलकेंच सोडवितांच आंत निसटलेली नळी दिसली. पाणी जेथें दिसतें तेथेंच तें गळत असतें, असा नियम नाहीं.

आम्ही आनंदलों. नळी पुनः जोडावर बसविली, वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि काम झालें म्हणून हात धुतले. तिसऱ्या दिवशीं छतांतून पुनः पाणी ठिबकूं लागलें!

या वेळीं त्या दोघांतील एक विद्यार्थी बराच वेळ तोटीकडे पाहत राहिला व म्हणाला, "सर, नळी निसटते ती जोड ढिला आहे म्हणूनच असेल का? पुढें पाण्याला वाटच नसेल तर?" त्याचें म्हणणें खरें निघालें. तोटी काढून पाहिली तों तिचें भोंक तांबड्या मातीनें व क्षारांनीं बुजून गेलेलें! टांकींत आम्ही वर्षभर विंधणविहिरीचें क्षारयुक्त पाणी भरीत होतों. त्याचें तें फळ होतें.

पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा (१६२३–१६६२) सिद्धांत तुम्ही शिकलांच आहां. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब कमी न होतां त्या द्रवाच्या सर्व भागांत पोंचतो. तोटी मोकळी असतांना पंपाचा बराचसा दाब पाणी नळींतून नेण्यांत व तोटींतून वेगानें बाहेर फेंकण्यांत खर्च होतो. नळीचा आंतील व्यास ४ मिलिमीटर व तोटीच्या भोंकाचा १ मिलिमीटर धरला, तर दोहोंच्या क्षेत्रफळांचें प्रमाण १६ : १ होतें, म्हणजे नळींत सावकाश चालणारें पाणी तोटींतून सोळापट वेगानें निघतें. पण तेंच भोंक बुजलें कीं पाणी जागच्या जागीं थांबतें, आणि पंपाचा सगळा दाब प्रत्येक जोडावर येऊन ठाकतो. मग सर्वांत दुबळा जोड सुटतो. आम्हीं जोड बसविला होता. त्याला सोडविणारें कारण मात्र तसेंच ठेविलें होतें.

खरी दुरुस्ती येणेंप्रमाणें केली.

१. गाडीची किल्ली काढून ठेविली. तोटी नळीपासून वेगळी करून कोमट पाण्यांत भिजविली, व बाहेरच्या बाजूनें बिनसुईच्या पिचकारीनें पाणी सोडून मळ उलट काढला. टांचणी खुपसल्यास मळ आणखी आंत जातो. कांहीं तोट्यांत पाणी मागें न येऊं देणारी बारीक झडप असते. तेथें उलट पाणी जाणार नाहीं, व जबरदस्तीही करूं नये.

२. नळीचें सैल झालेलें व चिरलेलें टोंक धारदार पात्यानें काटकोनांत कापलें. तिरपें कापलेलें टोंक जोडावर सारखें बसत नाहीं.

३. कापल्यामुळें नळी आंखूड पडूं नये व नवा जोड वांकणाऱ्या जागीं येऊं नये, म्हणून त्याच मापाचा नळीचा एक लहान तुकडा घातला. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांत हवेच्या नळीचे प्लॅस्टिकचे जोड मिळतात. त्यांतील नळीच्या मापाचे, दोन्ही टोंकांस कंगोरे असलेले जोड आम्हांस फार उपयोगी पडले.

४. नळीचें टोंक अर्धा मिनिट गरम पाण्यांत धरलें. तें मऊ होऊन जोडावर सहज चढलें, व थंड झाल्यावर घट्ट आवळून बसलें. गोंद किंवा चिकटपट्टी लागली नाहीं.

५. नळकांडें बसविण्यापूर्वीं दार पांच-सहा वेळां उघडून मिटून नळी कोठें ताणत वा चेंगरत नाहीं हें पाहिलें. मग पाणी सोडलें. टिपकागद कोरडा राहिला व कांचेवर फवारा उडाला! त्यानंतरच नळकांडें जागेवर दाबून बसविलें. कारण तें नीट न बसल्यास पावसाचें पाणी आंत शिरतें.

कांहीं इशारे दिल्यावांचून हा पाठ पुरा होणार नाहीं. त्या नळकांड्यांत विजेच्या तारा असतात; गळती तशीच चालूं दिली तर त्यांचे सांधे गंजून दिवे व कुलुपें बिघडूं शकतात. छताचें अस्तर व खांबांवरील आच्छादनें कधींही ओढून काढूं नयेत. नव्या पुष्कळ गाड्यांत छताच्या कडेस अपघाताच्या वेळीं फुगणाऱ्या एअरबॅगा दडविलेल्या असतात. गळती तेथें असल्यास काम कारागिरावरच सोंपवावें. कांच धुण्याचा द्रव नळींतून तोंडानें ओढूं नये; कांहीं द्रवांत मिथेनॉल असतें, व तें विष आहे. शेवटीं, टांकींत स्वच्छ व क्षार नसलेलेंच पाणी घालावें, म्हणजे तोटी पुनः लवकर बुजणार नाहीं.

या सर्व कामास एक दुपार लागली. परंतु पहिल्या दिवशीं जोड बसवून आम्ही थांबलों, तेव्हां "ही नळी निसटली कां?" एवढा एक प्रश्न विचारला असता, तर तीन दिवस वांचले असते. गळती बंद करणें व गळतीचें कारण बंद करणें, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हा भेद आमच्या आधीं आमच्या विद्यार्थ्यानें ओळखला, हें येथें आनंदानें नमूद करतों.

आतां गाडी मागें घेण्यापूर्वीं आम्ही कांच धुतों, आणि तरीही एकजण खालीं उतरून मागें पाहून येतो. भारा घेतलेली ती बाई आम्हांस पुनः भेटली नाहीं. पण कांचेवर पाण्याचा फवारा उडाला कीं तिची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.