शिकविणारें यंत्र आणि शेजारीं बसणारा शिक्षक
शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें ८:२६–४०

आतां खेड्यापाड्यांतहि मोबाईल पोहोंचला आहे. त्यांत शास्त्रवचनें, गीतें व उपदेश ऐकूं येतात. म्हणून कित्येक उपदेशकांच्या मनांत असा प्रश्न उभा राहतो कीं, शिकविणारें यंत्र जर मुलांच्या हातींच आहे, तर संध्याकाळच्या वर्गास तीं कशाला येतील, आणि आपलें काम तें काय उरेल? हा प्रश्न नवा नव्हे. अमेरिकेंतील एका विद्यापीठांत पुष्कळ वर्षांपूर्वीं असें यंत्र तयार झालें. तेथें काय घडलें, हें प्रथम पाहूं.

१. यंत्र कसें झालें. सन १९६० मध्यें इलिनॉय विद्यापीठांत, अर्बाना या गांवीं, डोनाल्ड बिट्झर नांवाच्या विद्युत् अभियंत्यानें संगणकाच्या द्वारें विद्यार्थ्यांस शिकविण्याचा प्रयोग आरंभिला. त्यास प्लेटो असें नांव दिलें. प्रथम एका वेळीं एकच विद्यार्थी त्यापुढें बसूं शके. पडद्यावर प्रश्न येई. विद्यार्थी कळा दाबून उत्तर देई. अडल्यास साह्य मागे, व तें त्यास मिळे. यंत्र रागावत नसे, कंटाळत नसे, आणि सावकाश शिकणाऱ्याची वाट पाही.

परंतु दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील चित्र क्षणोक्षणीं नव्यानें उमटवावें लागे, व तें स्मरणांत ठेवणारी सामग्री फार महाग असे. म्हणून १९६४ मध्यें बिट्झर, त्यांचे सहकारी जीन स्लॉटो व विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनीं कांचेचा चपटा पडदा शोधून काढिला. दोन कांचांमध्यें वायु भरलेला असे, आणि विजेच्या योगानें त्यांत नारिंगी ठिपके प्रकाशत. एकदां पेटलेला ठिपका विझवीपर्यंत तसाच राही. १९७२ च्या सुमारास निघालेल्या चौथ्या प्लेटोस असे पडदे बसविले. त्यांवर उभे ५१२ व आडवे ५१२ ठिपके असत, आणि बोटानें स्पर्श करूनहि उत्तर देतां येई. पुढें दूरदूरच्या जागीं ठेवलेले शेंकडों पडदे तारांनीं एकाच संगणकास जोडिले.

२. लोकांनीं त्याचें काय केलें. १९७३ मध्यें डेव्हिड वुली नांवाच्या १७ वर्षांच्या तरुणास, यंत्रांतील दोष कळविण्याची सोय करावयास सांगितलें. त्यानें अशी योजना केली कीं, एकानें टिपण लिहावें आणि त्याखालीं इतरांचीं उत्तरें क्रमानें येत जावीं. पुढें लोक त्या रीतीनें दोषांखेरीज दुसऱ्या नाना विषयांवर बोलूं लागले. त्याच वर्षीं अनेकांनीं एकदम संभाषण करण्याची सोय झाली. लिहिणाऱ्याचें अक्षर न् अक्षर दुसऱ्यास लगेच दिसे. तसेंच, दूर बसलेला शिक्षक विद्यार्थ्याचा पडदा आपल्यापुढें पाहून, तो कोठें अडला हें जाणूं शके. जें यंत्र एकेकट्यास शिकविण्याकरितां रचिलें होतें, त्याच्याच द्वारें माणसांनीं एकमेकांस शोधिलें!

३. शास्त्राची साक्ष. कूशी अधिकाऱ्याचा विचार करा. यशयाचा ग्रंथ त्याच्या हातीं होता. त्यास वाचतां येत होतें. प्रवासांत अवकाशहि होता. तरी अर्थ उमगेना. देवानें त्याजकडे दुसरा ग्रंथ पाठविला नाहीं, फिलिप्पास पाठविलें. फिलिप्प रथाजवळ धांवत गेला, आधीं ऐकिलें, मग विचारिलें, आणि बोलाविल्यावर शेजारीं बसला. जेथें तो मनुष्य अडला होता, तेथूनच त्यानें सांगण्यास आरंभ केला.

४. आपलें काम. यंत्रास शत्रु मानूं नये. पाठांतर व उजळणी यांस तें उपयोगी आहे, आणि ज्या आजीबाईस अक्षरओळख नाहीं तिला तें शुभवर्तमान ऐकवितें. परंतु ऐकतांना तिच्या डोळ्यांत पाणी कां आलें, हें विचारावयास कोणी तरी तिच्या ओट्यावर जाऊन बसलें पाहिजे. जो उपदेशक मागील वर्षाचा पाठ तसाच्या तसा म्हणून दाखवितो, आणि कोणास काय समजलें हें विचारीत नाहीं, त्याचें काम यंत्रानें घेतलें तर नवल कसलें? तेवढें काम यंत्र अधिक धीरानें करितें. जो ऐकतो, विचारतो व शेजारीं बसतो, त्याची जागा मात्र रिकामीच राहील, जोंवर तो स्वतः जाऊन ती भरीत नाहीं.

मननार्थ प्रश्न
(१) फिलिप्पानें बोलण्यापूर्वीं कोणत्या दोन गोष्टी केल्या?
(२) आपल्या वर्गांतील कोणता विद्यार्थी कोठें अडला आहे, हें तुम्हांस ठाऊक आहे काय?
(३) या आठवड्यांत तुम्ही कोणाच्या शेजारीं जाऊन बसाल?