पाण्याची पाळी शेवटी

प्रायमर वाळला म्हणून लगेच बादली घेऊन बसू नकोस, पोरा. आधी बघ, लांबी कुठं उघडी आहे का. असेल तर तिथं पाण्याचा थेंबही नको. पॉलिएस्टर लांबी पाणी पिते. वरून कोरडी दिसली तरी पोटात ओल धरते. रंग चढवून गाडी उन्हात उभी केलीस की तीच ओल फोड होऊन वर येते. म्हणून लांबी कोरडीच घासायची, ८० पासून १८० पर्यंत. हार्डनर न घातलेल्या साध्या प्रायमरचाही भरवसा नाही. पाणी चालतं ते हार्डनर घातलेल्या, पूर्ण वाळलेल्या सरफेसरवर.

त्यावरही सुरुवात कोरडीच कर. काळ्या स्प्रेचा अगदी विरळ हात मार आणि ३२०-४०० चा पेपर ब्लॉकला लावून तिरका फिरव. नुसत्या बोटांनी घासशील तर बोटांच्याच नाळ्या पडतील, आणि त्या दिसतील क्लिअर मारल्यावर, गिऱ्हाइकासमोर. काळा ठिपका राहिला तिथं खड्डा. काळं आधी गेलं तिथं उंचवटा. तिथं हात आवर. दाराच्या कडा आणि बॉडीची धार चिकटपट्टी लावून झाक, शेवटी हलक्या हातानं घे.

पत्रा सपाट झाला, की मग पाणी. पेपर पंधरा-वीस मिनिटं भिजू दे, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. ६०० ने घास, मेटॅलिक रंग असेल तर पुढं ८००. पाणी गढूळलं की बदल. खाली पडलेला पेपर फेकून दे, त्याला चिकटलेला एक खडा पुरेसा आहे. मधेमधे रबरानं पाणी ओढून बघत जा, कारण ओल्या चमकेत ओरखडे लपतात.

पावसाळ्यात मी तर पाण्याच्या वाटेलाच जात नाही. मऊ पॅडवर ५०० चा पेपर लावून मशीननं कोरडंच काढतो. धूळ होते, पण मास्क लावला की भागतं. सांधे, बीडिंग यांत शिरलेलं पाणी हवा मारून काढलं तरी दमट दिवसात रात्रभर थांबावं लागतं, आणि एवढा धीर गॅरेजात कुणाला असतो?

पाण्यानं घासताना पत्रा उघडा पडलाच, तर बघता बघता गंज धरतो. जागा कोरडी कर, पिवळसर दिसलं तर घासून काढ, इपॉक्सी प्रायमरचा हात दे, आणि मगच रंगाची गन उचल.