माग थांबले तरी कान वाजतात

प्रश्न : वडील इचलकरंजीत यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात. घरी येतात ते गळून गेलेले. टीव्ही मोठ्याने लावतात. कानात कापसाचे बोळे घालतात. तेवढं पुरे का?

उत्तर : नाही. कापसाने आवाज जेमतेम अडतो. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये तो बहुधा ९० डेसिबलच्या वर असतो. आपल्याकडची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल, आणि वडिलांची पाळी बाराची! थकवा खराच आहे, त्याला आळस म्हणू नका. गोंगाटात शरीर सतत ताणलेलं राहतं, शेजारच्या मागावरच्याशी बोलायलाही ओरडावं लागतं.

फोमचे इअरप्लग आणा. बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरायचा. अर्धा बाहेर दिसत असेल तर घातला न घातला सारखंच. हात आधी धुवायचे. तेलकट बोटांनी कान चिघळतो. आणि पाळी संपेपर्यंत काढायचे नाहीत.

ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) सुट्टीनंतर, कामावर जाण्याआधी करून घ्या. सुरुवातीचं नुकसान ४००० हर्ट्झच्या आसपास दिसतं, तेव्हा बोलणं नीट ऐकू येत असतं, म्हणून माणूस गाफील राहतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. वडिलांना ईएसआय लागू असेल तर आवाजामुळे आलेलं बहिरेपण व्यावसायिक आजारांत मोडतं. तपासणीचे कागद जपून ठेवा.