शब्दाची ओळख : 'रेव्हल इन'



मिस्सा संपल्यावर दहावीची काही मुले इंग्रजीचे पुस्तक घेऊन आमच्याकडे आली. 'रेव्हल इन' या क्रियापदावर गाडी अडली होती. शब्दकोशात 'खूप आनंद घेणे' एवढाच अर्थ. त्यावरून एकाने वाक्य केले, 'आय एन्जॉय इन क्रिकेट'. चूक त्याची एकट्याची नाही, आपण सगळेच अर्थ पाठ करतो आणि शब्दाची चाल विसरतो.

'एन्जॉय'ला 'इन' चालत नाही. 'रेव्हल' मात्र या अर्थाने 'इन'शिवाय उभेच राहत नाही. मराठीतही तसेच आहे. आनंद आपण क्रिकेटचा घेतो, पण रमतो, रंगतो, दंग होतो ते क्रिकेटमध्ये, गाण्यात, कामात. तेव्हा 'इन' दिसले की हा 'त' आठवावा. पुढे क्रियापद आले तर त्याला आयएनजी जोडावे : 'शी रेव्हल्स इन सिंगिंग'.

या शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या 'बंड करणे' या क्रियापदात आहे. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. 'रिबेल' हा त्याचा सख्खा भाऊ. आनंदात बंड कसले, असे मुलांनी विचारले. अहो, आपण नाही का आनंद 'लुटत'! त्यामुळे या शब्दात थोडा गलबला, थोडे बेभानपण आहेच. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात 'रेव्हलिंग्ज' हा शब्द दारूबाजीच्या शेजारी बसला आहे. दुसऱ्याच्या फजितीत मजा मानणाऱ्यालाही हेच क्रियापद लागते.

एका मुलीने अंगारकीला राजूरच्या गणपतीला पायी येणाऱ्या भाविकांविषयी लिहिताना ते वापरले. प्रार्थनेतल्या तल्लीनतेला ते शोभत नाही, तेथे 'ॲब्सॉर्ब्ड इन' बरे. शेजाऱ्यांच्या भक्तीविषयी लिहिताना तर शब्द जपूनच वापरावा.

मग चांगल्या अर्थाने कोठे वापरावे? आम्हाला फादर थॉमस स्टीफन्स आठवले. जन्माने इंग्रज, 1579 साली गोव्यात आले. 1616 साली त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले, त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. त्यातच त्यांनी मराठीची मनापासून स्तुती केली आहे. परक्या भाषेत इतका रमलेला माणूस विरळाच. 'फादर स्टीफन्स रेव्हल्ड इन मराठी' हे वाक्य मुलांनी वहीत उतरवून घेतले. 'रेव्हल्ड'मध्ये ब्रिटिश पद्धतीने दोन एल येतात, अमेरिकन पद्धतीने एकच.

पुढच्या रविवारी प्रत्येकाने स्वतःचे एक वाक्य लिहून आणावे. क्रिकेट सोडून.