‘मला ठाऊक नव्हते’



२८ नोव्हेंबर १९६२ रोजी झुरिकहून मनिलाला निघालेले विमान मुंबईत सांताक्रूझला थांबले. एक जर्मन प्रवासी खाली उतरलाही नव्हता, पण त्याच्या जाकिटात ३४ किलो सोने सापडले. असे सोने विमानाच्या मालयादीत नोंदवण्याची अट चारच दिवसांपूर्वी राजपत्रात प्रसिद्ध झाली होती. ‘मला नियम ठाऊक नव्हता,’ असे त्याचे म्हणणे. उच्च न्यायालयाने त्याला सोडले. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दोषी ठरवले, मात्र भोगलेली कैद पुरेशी मानली.

कायदा एवढा कठोर का? अज्ञानाची सबब चालू लागली, तर कायदा जाणून न घेणाराच सर्वांत सुरक्षित राहील. शिवाय न्यायाधीशाला मनात डोकावता येत नाही.

परमेश्वर मात्र अंतःकरण पाहतो. लूकच्या शुभवर्तमानात (१२:४७-४८) धन्याची इच्छा जाणून ती न पाळणाऱ्या चाकराला पुष्कळ फटके बसतात, न जाणणाऱ्याला थोडे. ख्रिस्तसभेचा श्रद्धाग्रंथ हाच भेद स्पष्ट करतो. जे अज्ञान प्रयत्न करूनही दूर होण्यासारखे नव्हते, त्याचा दोष माणसावर येत नाही (१७९३). सत्य शोधण्याची पर्वाच केली नाही, तर तो जबाबदार ठरतो (१७९१). आणि अज्ञानाचे सोंग घेतले, तर दोष उलट वाढतो (१८५९).

हे तिसरे अज्ञान आपल्या घरातही असते. १४ वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास २००६ पासून बंदी आहे. भांडी घासायला आलेली मुलगी लहान दिसते, तरी आपण तिचे वय विचारत नाही. विचारले तर उत्तर ऐकावे लागेल ना! मग ‘ठाऊक नव्हते’ असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

क्रुसावरून येशूने पित्याकडे मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली (लूक २३:३४). ते काय करीत होते हे त्यांना कळत नव्हते, तरीही क्षमेची गरज होतीच. न कळत दिलेली जखमही जखमच असते. म्हणून चूक कळताच ती भरून काढणे हे आपले कर्तव्य आहे. त्या मुलीला कामावरून नुसते काढून टाकणे म्हणजे भरपाई नव्हे. तिच्या शाळेची सोय पाहणे, ही भरपाई.

या आठवड्यात आत्मपरीक्षण करताना स्वतःला एकच प्रश्न विचारू या: कोणती गोष्ट मी मुद्दाम विचारायची टाळली आहे?

आपला ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू