कामाला जोडून सहल : शेंगेन व्हिसाचा अर्ज कोणत्या देशाकडे?

प्रश्न : पुण्यातील कंपनीचा एक अधिकारी एप्रिलमध्ये हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनासाठी ५ दिवस जर्मनीत असेल. पुढे रजा घेऊन ४ दिवस फ्रान्स आणि ३ दिवस स्वित्झर्लंड पाहण्याचा बेत आहे. पत्नी थेट पॅरिसला येईल. व्हिसा बिझनेसचा घ्यावा की टुरिस्ट, आणि कोणाकडून?

उत्तर : दोन व्हिसांची गरज नाही. शेंगेन गटातील २९ देशांसाठी अल्पमुदतीचा व्हिसा एकच असतो आणि त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्जात प्रवासाचे एकाहून अधिक हेतू नोंदवता येतात. सहलीचा भाग लपवून फक्त निमंत्रणपत्र जोडण्याचा सल्ला काही एजंट देतात. तो घातक आहे, कारण परतीचे तिकीट आणि निमंत्रणाच्या तारखा जुळल्या नाहीत की हेतूवरच शंका घेतली जाते.

अर्ज मुख्य मुक्कामाच्या देशाकडे करायचा असतो. मुख्य मुक्काम हेतूवरून किंवा दिवसांवरून ठरतो. येथे दोन्ही कसोट्यांवर जर्मनीच येते. दोन देशांतील कामे सारख्याच महत्त्वाची असतील, तर जिथे दिवस जास्त तो देश. तेही समान असतील तर पहिल्या प्रवेशाचा देश. पत्नीचा हिशेब मात्र वेगळा होतो. ती जर्मनीत जाणारच नाही, त्यामुळे तिचा अर्ज फ्रान्सकडे आणि पर्यटनासाठी जाईल.

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कंपनीचे पत्र. कामाचे दिवस कोणते, रजेचे कोणते आणि कोणत्या दिवसांचा खर्च कंपनी करणार, हे त्यात तारखांसह असावे. रजेच्या दिवसांसाठी हॉटेलचे आरक्षण, स्वतःचे बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्र जोडावे. विम्याकडे बारकाईने पाहावे. कंपनीची पॉलिसी अनेकदा कामाच्या दिवसांपुरतीच असते. व्हिसासाठी मात्र संपूर्ण मुक्कामाचे, किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर ३ महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पाने असावीत.

या व्हिसावर बैठका घेता येतात, प्रदर्शन पाहता येते, सौद्याची बोलणी करता येतात. ग्राहकाच्या कारखान्यात यंत्र बसवून देणे हे काम ठरू शकते. त्यासाठी त्या देशाची परवानगी लागते का, हे आधी विचारून घ्यावे.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून, उशिरात उशिरा १५ दिवस आधी देता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, अडचण आल्यास ४५ पर्यंत. प्रौढांचे शुल्क ९० युरो असून व्हिसा अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारला गेल्यास कारण लेखी मिळते आणि त्याविरुद्ध त्या देशाच्या कायद्यानुसार अपील करता येते. शुल्क परत मिळत नाही.