रायफलीचा दस्ता आणि अंगठ्याची शिस्त

गावच्या सुताराकडे कुऱ्हाडीला दांडा घालावयास गेले, की तो आधी कुऱ्हाड पाहत नाही, माणूस पाहतो. त्याची उंची किती, हात केवढा, डावरा की उजवा, हे पाहून मग तो लाकूड निवडतो. नांगराच्या रुमण्याचेही तेच. रुमणे आखूड झाले तर दोष नांगराचा, पण दुखते नांगरणाऱ्याची कंबर. रायफलीचा दस्ता ही वस्तू याच जातीची आहे. नळी गोळीची वाट ठरविते, परंतु ती नळी कोठे रोखली जाईल हे माणसाच्या शरीरावर अवलंबून असते, आणि शरीर व नळी यांना जोडणारा दुवा म्हणजे दस्ता.

आपल्या महाविद्यालयात एन.सी.सी.च्या निमित्ताने अनेकांनी ०.२२ रायफल हाताळली आहे. काहींना पुढे स्पर्धेतील नेमबाजीची ओढ लागते आणि मग दुकानातील एक दस्ता त्यांना हमखास भुरळ घालतो. पकडीच्या जागी आरपार भोक असलेला, अंगठा त्यातून पलीकडे जाणारा, दिसायला मोठा ऐटबाज असा हा दस्ता. दुकानदार त्याला ‘थंबहोल’ म्हणतात. तो केव्हा घ्यावा व केव्हा घेऊ नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भोक कशासाठी?

साध्या दस्त्याची मान बारीक असते. ती धरताना अंगठा वरून पलीकडे जातो, हात तिरपा बसतो आणि मनगटाला थोडा पीळ पडतो. चाप ओढताना हा पीळ बोटात उतरतो. बोट सरळ मागे न येता किंचित बाजूला ओढते आणि शेवटच्या क्षणी नेम हलतो. भोकाच्या दस्त्यात पकड जवळजवळ उभी असते, अंगठा भोकातून जातो, मनगट सरळ राहते व तर्जनी सरळ मागे येते. शिवाय भोकावरचे लाकूड सलग मागे जात असल्याने गालाला उंच आणि सपाट टेकू मिळतो. हे दोन्ही फायदे खरे आहेत.

पण प्रत्येक फायद्याची किंमत असते. पहिली गोष्ट, भोक ठरावीक हातासाठी कोरलेले असते. उजव्या हाताचा असा दस्ता डावऱ्या माणसाला जवळजवळ निरुपयोगी होय. साधा दस्ता तो निदान कसाबसा चालवून घेतो. दुसरी गोष्ट, दस्त्याची मान हा आधीच त्याचा सर्वांत नाजूक भाग. तेथेच भोक पाडल्यावर लाकडाचे तंतू आखूड पडतात आणि रायफल हातून पडली तर तडा तेथेच जातो. म्हणून असे दस्ते चांगल्या मुरलेल्या अक्रोडाचे किंवा पातळ थर चिकटवून केलेल्या लाकडाचे असावेत. तिसरी गोष्ट, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढावयाचा तर अंगठा भोकातून काढावा लागतो व पुन्हा घालावा लागतो. सेफ्टी दस्त्याच्या मानेवर असेल तर तीही अंगठ्याला चटकन सापडत नाही.

शिकारीची रायफल

ही तिसरी अडचण शिकाऱ्याला अधिक बाधते, कारण त्याला रायफल झटकन खांद्याला लावावी लागते. आपल्याकडे मात्र हा प्रश्न आता उरलेला नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये झाला आणि हौशी शिकारीचे दिवस संपले. उसात बिबट्या दिसला तर आपल्या जुन्नर तालुक्यात वनखात्याला कळवावयाचे असते. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोह येथे निवारा केंद्र आहे. तेव्हा आपल्यापुरता हा विषय कागदी निशाणाचा आहे.

नियम काय सांगतात?

येथेच बहुतेकांची फसगत होते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार १० मीटर एअर रायफल आणि ३०० मीटर स्टँडर्ड रायफल या प्रकारांत अंगठ्याच्या भोकाला मनाई आहे. अंगठ्याचा आणि तळहाताचा वेगळा टेकूही तेथे चालत नाही. ५० मीटर रायफलीला ही मनाई नाही. वजनाची मर्यादाही निराळी आहे. एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत, तर ५० मीटरची रायफल आठ किलोपर्यंत चालते.

अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या त्या १० मीटर एअर रायफल प्रकारात, म्हणजे भोकाविना. अर्धा मिलिमीटर व्यासाचा दहा गुणांचा ठिपका साधावयास भोक लागतेच असे नाही, हे यावरून दिसेल. उलट कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे जगज्जेत्या झाल्या त्या ५० मीटर प्रोन प्रकारात. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले, तेही ५० मीटरमध्येच, परंतु तीन स्थितींत: गुडघ्यावर, पडून आणि उभे राहून. स्थिती बदलली की मानेचा कोन आणि खांद्याची जागा बदलते. म्हणून अशा रायफलीत गालाची पट्टी आणि खांद्याकडची टाच वरखाली, मागेपुढे सरकविता येतात. या सरकण्याचे महत्त्व भोकापेक्षा अधिक आहे, असे माझे मत आहे.

निवड कशी करावी?

प्रथम प्रकार ठरवावा, नंतर त्या प्रकाराचा चालू नियम वाचावा आणि मगच दुकानात जावे. जाताना नेमबाजीचे जाड जाकीट अंगावर असावे, कारण जाकिटाने लांबी बदलते. मग पुढील चार गोष्टी पाहाव्यात.

१. लांबी: टाच खांद्यात बसल्यावर मान पुढे ताणावी लागू नये, आणि डोके मागे ओढावेही लागू नये.

२. गाल: डोळे मिटून गाल टेकवावा व मग डोळे उघडावेत. नजर आपोआप मागच्या छिद्रातून पुढच्या कडीत गेली पाहिजे. डोके हलवून ती शोधावी लागली तर गालाची उंची चुकली.

३. बोट: तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग चापावर यावा, आणि बाकीचे बोट लाकडाला घासू नये.

४. अंगठा: भोक असेल तर अंगठा त्यात सैलपणे विसावला पाहिजे. तो दाबला जात असेल किंवा ताणावा लागत असेल, तर तो दस्ता दुसऱ्या कोणाचा तरी आहे.

एक अनुभव

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. आळेफाट्याच्या बाजारात कांद्याला बरा भाव मिळाला त्या वर्षी वडिलांनी मला एअर रायफल घेऊन दिली. मी छायाचित्र पाहूनच ती पसंत केली होती. तिचा दस्ता भोकाचा होता. चार महिने मी तिच्यावर सराव केला. पहिल्या स्पर्धेत साहित्य तपासणीच्या टेबलावरच ती बाजूला ठेवण्यात आली. तेथे कोणाचीही चूक नव्हती. नियम छापलेला होता, मी तो वाचला नव्हता. उसन्या रायफलीने मी कशीबशी फेरी पुरी केली. घरी आल्यावर वडिलांनी रायफल हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि एवढेच म्हणाले, “खुरपं घेताना चारदा मुठीत धरून बघतोस. मग हे का नाही बघितलंस?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

भाषेच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. बंदुकीची ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे. हा शब्द फारसी ‘शस्त’पासून आला. त्याचा अर्थ अंगठा, तसेच धनुर्धराची अंगठ्यातील अंगठी, आणि त्यावरून नेम. तेथील धनुर्धर दोरी अंगठ्याने ओढीत. म्हणजे वर्गात आपण ज्या शिस्तीच्या नावाने बोलणी खातो, तिचे मूळ अंगठ्यापाशी आहे.

शेवटी एक सूचना. जिमखान्यातर्फे कधी एअर रायफल घेण्याचा विचार झाला, तर ती एकाची नसून अनेकांची असेल, हे ध्यानात ठेवावे. माझ्या वर्गातील एक छात्रा डावरी आहे. तिचा नेम आमच्या सर्वांहून चांगला आहे. भोकाचा दस्ता आणला तर ती पहिल्याच दिवशी बाद होईल. तेव्हा दोन्ही हातांना चालणारा, गाल व टाच सरकणारा, नियमात बसणारा साधा दस्ता निवडावा. घेण्यापूर्वी तो एका उंच, एका ठेंगण्या आणि त्या डावऱ्या मुलीच्या हाती देऊन पाहावा. आमचा सुतारही याहून वेगळे काही करीत नाही.